खुन्यांच्या टोळीतल्या माणसाच्या शब्दावर कोर्टाने विश्वास का ठेवला: तोमासो बुशेत्ताबद्दल सविस्तर

प्रश्न असा आलाय की तोमासो बुशेत्ता हा सिसिलीचा माफियावाला, जन्मभर स्मगलिंग केलेला, तुरुंगाबाहेर जाऊन परत न आलेला, अशा माणसाच्या तोंडी जबाबावर इटलीच्या कोर्टाने तीनशेच्या वर लोकांना शिक्षा दिल्याच कशा, आणि त्याला गद्दार म्हणायचं की साक्षीदार.

मी गेली सव्वीस वर्षं फौजदारी वकिली करतोय, सुरुवातीची काही वर्षं सरकारी वकील म्हणून आणि नंतर आरोपीच्या बाजूने, मोक्काच्या केसेस दोन्हीकडून लढलोय, त्यामुळे माफीचा साक्षीदार हा प्राणी मला फार जवळून माहीत आहे. बुशेत्ताची केस मी पहिल्यांदा वाचली ती कामासाठीच, पण नंतर ती डोक्यातून गेलीच नाही. आधी थोडक्यात उत्तर देतो आणि मग सगळं सांगतो. कोर्टाने नुसत्या त्याच्या शब्दावर कुणाला आत टाकलं नाही. त्याने दिली ती नावांची यादी नव्हती, त्याने त्या संघटनेचं व्याकरण दिलं, आणि ते व्याकरण तपासून बघायला लागणारा कागद समोरच्या न्यायाधीशाकडे आधीच तयार होता. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून ते झालं, त्यातली एकच असती तर काहीही झालं नसतं, आणि हे मी अंदाजाने म्हणत नाहीये, अकरा वर्षं आधी पालेर्मोतच तसं घडलं होतं. त्यावर पुढे येतो.

बुशेत्ताचा जन्म १३ जुलै १९२८ चा, पालेर्मोचा. गरीब घर, बाप काचेचं काम करणारा, आणि हा सतरा भावंडांमधला शेवटचा. युद्ध संपता संपता पालेर्मोत काळाबाजार जोरात होता, त्यात हा शिरला आणि विशीच्या आत-बाहेर असताना पोर्ता नुओव्हा नावाच्या भागातल्या माफिया कुटुंबात त्याला घेतलं. इथे कुटुंब म्हणजे रक्ताचं नाही, टोळीच, पण शब्द तोच वापरतात. मग अर्जेंटिना, ब्राझील, परत पालेर्मो, सिगारेटची तस्करी, असं चाललं. १९६२-६३ ला माफियाचं पहिलं मोठं युद्ध झालं आणि ३० जून १९६३ ला चियाकुल्लीत बॉम्ब ठेवलेल्या गाडीने पोलिस आणि लष्कराची सात माणसं मेली. त्यानंतर सरकारने जी धरपकड केली त्यात बुशेत्ता निसटला, स्वित्झर्लंड, मेक्सिको, कॅनडा, न्यूयॉर्क असं फिरत राहिला, तिकडे इटलीत गैरहजेरीत शिक्षा झाली. शेवटी १९७२ ला ब्राझीलच्या लष्करी सरकारने पकडला, तिथे त्याचे भयंकर हाल केले, विजेचे शॉक वगैरे, आणि तो एक शब्द बोलला नाही. हे लक्षात ठेवा, कारण नंतर ज्यांनी म्हटलं की घाबरून बोलला, त्यांना हे उत्तर आहे. मारून हा माणूस बोलत नव्हता.

इटलीला आणल्यावर पालेर्मोच्या उच्चार्दोने तुरुंगात आणि मग उत्तरेकडे अशी सात-आठ वर्षं काढली. १९८० ला तोरिनोत त्याला दिवसा बाहेर जाऊन रात्री परत यायची सवलत मिळाली, एके दिवशी तो परत आलाच नाही, थोडे महिने पालेर्मोत लपला आणि १९८१ च्या सुरुवातीला पुन्हा ब्राझील. त्याचे मित्र, म्हणजे स्तेफानो बोन्ताते आणि साल्वातोरे इन्झेरिल्लो, त्याला थांब म्हणत होते कारण कोर्लेओने गावची माणसं, तोतो रीनाची टोळी, हळूहळू सगळं ताब्यात घेत होती आणि बुशेत्तासारखा वजनदार माणूस या दोघा मित्रांना आपल्या बाजूला हवा होता. तो थांबला नाही. २३ एप्रिल १९८१ ला बोन्ताते गेला, ११ मे ला इन्झेरिल्लो गेला. त्यानंतर जे सुरू झालं त्याला युद्ध म्हणतात पण ते युद्ध नव्हतंच, एकतर्फी कत्तल होती. हरलेल्या बाजूचे लोकच नाही, त्यांचे भाऊ, पुतणे, जावई, ज्यांचा धंद्याशी संबंध नाही तेसुद्धा, शेकड्याने मारले.

बुशेत्ता हजारो मैल लांब होता म्हणून त्याच्या घरच्यांना गाठलं. ११ सप्टेंबर १९८२ ला त्याची दोन मुलं, बेनेदेत्तो आणि अंतोनिओ, घरातून बाहेर पडली आणि नाहीशी झाली. तिकडे याला एक खास शब्द आहे, लुपारा बियांका, पांढरी बंदूक, म्हणजे असा खून ज्यात प्रेतच सापडत नाही. त्याच वर्षाअखेर जावई मारला, भाऊ मारला, भावाचा मुलगा मारला. आणि पोर्ता नुओव्हाचा म्होरक्या, म्हणजे बुशेत्ताचा स्वतःचा बॉस, पिप्पो कालो, ज्याच्यावर विश्वास टाकून त्याने मुलांकडे बघ म्हणून सांगितलं होतं, तो रीनाच्या बाजूला जाऊन बसला होता.

१९८३ च्या ऑक्टोबरमध्ये ब्राझीलमध्ये पुन्हा अटक. १९८४ च्या जुलैत इटलीला पाठवायचं ठरलं तेव्हा त्याने विष घेतलं, स्ट्रिकनिन, वाचला. १५ जुलैला रोमला उतरला आणि दुसऱ्या दिवसापासून जोव्हान्नी फाल्कोनेसमोर बसला.

हा भाग मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा थांबून सांगतो. फाल्कोने हा तपास करणारा न्यायाधीश, आपल्याकडे तसं पद नाही, तपास अधिकारी आणि मॅजिस्ट्रेट यांचं मिश्रण समजा. तो पण पालेर्मोचाच, त्याच जुन्या गल्ल्यांत वाढलेला, लहानपणी ज्यांच्याबरोबर टेबल टेनिस खेळला त्यातला एक पुढे मोठा माफियावाला झाला होता. खोलीत टायपिस्ट नाही. बातमी फुटू नये म्हणून फाल्कोने स्वतःच्या हाताने जबाब लिहायचा, प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर, पान संपलं की बुशेत्ताची सही. असं दीडएक महिना चाललं, तीनशेच्या वर पानं झाली. ज्याने कधी हाताने जबाब लिहिलाय त्यालाच कळेल की हाताने लिहिताना बोलणाऱ्याचा वेग आपोआप कमी होतो, तो मधे थांबतो, आणि त्या थांबण्यात तुम्हाला कळतं की कुठे तो विचार करतोय आणि कुठे टाळतोय. टाइप करणारा तिसरा माणूस असला की ते निसटतं.

बुशेत्ताने काय सांगितलं? पहिली गोष्ट, माफिया हा शब्द आम्ही वापरतच नाही, आमच्यात त्याला कोसा नोस्त्रा म्हणतात, म्हणजे आपली गोष्ट. आता हे सगळ्या जगाला माहितीये पण तेव्हा इटलीत शिकलेली माणसं, न्यायाधीशसुद्धा, म्हणायची की माफिया ही संघटना नाहीच, तो सिसिलीच्या माणसाचा स्वभाव आहे, सुट्या सुट्या टोळ्या आहेत. बुशेत्ताने सांगितलं की नाही, एकच इमारत आहे. खाली साधे सभासद, त्यांना सन्मानाचा माणूस म्हणतात, दहा-दहांच्या गटावर एक प्रमुख, वर कुटुंबाचा प्रमुख, शेजारशेजारच्या तीन कुटुंबांचा मिळून एक विभाग, आणि विभागप्रमुखांचं मिळून कमिशन. मोठा खून कमिशनच्या परवानगीशिवाय होत नाही. आत घेताना बोटाला टोचून रक्त काढतात, ते संताच्या चित्रावर लावतात, चित्र तळहातावर जाळतात आणि शपथ घ्यायला लावतात.

वकील म्हणून मला सगळ्यात कामाचा वाटला तो ओळख करून देण्याचा नियम. दोन सभासद एकमेकांना ओळखत नसतील तर कुणीही स्वतः सांगायचं नाही की मी त्यातला आहे. दोघांनाही ओळखणारा तिसरा सभासद लागतो, तो सांगणार की हाही तेच आहे जे आपण आहोत. आणि एकदा अशी ओळख झाली की धंद्याच्या गोष्टीत एकमेकांशी खोटं बोलायचं नाही, गप्प बसता येतं पण खोटं नाही, खोट्याची शिक्षा मरण. आता याचा कायद्यात काय अर्थ होतो बघा. बुशेत्ता म्हणतो की अमुक खून तमुकने केला असं मला बोन्तातेने सांगितलं. आपल्याकडे पहिल्याच मिनिटाला बचावाचा वकील उभा राहील, ऐकीव आहे, चालणार नाही. आपल्या जुन्या पुरावा कायद्यात कलम १० होतं, कटातल्या माणसाने कटासंबंधी केलेलं बोलणं दुसऱ्याविरुद्ध वापरता येतं, पण त्याला मर्यादा फार. फाल्कोनेची मांडणी होती की या संघटनेत सभासदाने सभासदाला दिलेल्या माहितीला वजन आहे कारण खोटं बोलायची किंमत जीव आहे. ही मांडणी सगळ्यांना पटली असं अजिबात नाही, बचाव पक्षाने त्यावर वर्षानुवर्षं तुटून पडून वाद घातला, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही घातला असता.

पण फाल्कोने त्यावर थांबला नाही, आणि इथे खरी गंमत आहे. बुशेत्ता बोलायच्या चार वर्षं आधीपासून, १९८० च्या स्पातोला नावाच्या हेरॉइनच्या केसपासून, फाल्कोने पालेर्मोच्या बँकांमधून चेक आणि परकीय चलनाच्या व्यवहारांचे कागद मागवत होता. लोक हसायचे, की खुनाच्या तपासात बँकेच्या स्लिपा कशाला. हेरॉइन तेव्हा सिसिलीतच शुद्ध होऊन अमेरिकेला जायचं आणि डॉलर परत यायचे, आणि डॉलर आले की कुठेतरी कागद होतोच. त्यामुळे बुशेत्ता म्हणाला की हा आणि तो एकमेकांच्या जवळचे, तर फाल्कोनेकडे त्या दोघांमधला चेक असायचा. प्रवासाच्या नोंदी, हॉटेलच्या नोंदी, फोन, लग्नातले फोटो. सप्टेंबर १९८४ च्या शेवटी ३६६ अटक वॉरंट निघाली ती या सगळ्यावर.

माझ्या सुरुवातीच्या काळातली एक केस सांगतो, नावं-गाव सांगणार नाही. टोळीतल्या एकाला माफीचा साक्षीदार केला, त्याने सगळं घडाघडा सांगितलं, गाडी कुणाची, हत्यार कुणी आणलं, पैसे कुठे वाटले. जबाब वाचून आम्ही खूश. तपासात कुणीही ती गाडी, तो लॉज, ती पैशांची देवघेव जाऊन तपासली नाही, साक्षीदार आहे ना, मग कशाला. कोर्टात उलटतपासणीत निघालं की त्याने स्वतःच्या मेव्हण्याचं नाव गाळलंय, मेव्हणा गाडी चालवत होता. तेवढ्या एका गाळलेल्या नावावर अख्खा जबाब गेला कारण त्याला टेकू द्यायला दुसरं काहीच नव्हतं. सगळे सुटले. फिर्यादी बाई त्या दिवशी कोर्टाच्या जिन्यावर बसून होत्या, उठेनात, आणि मला त्यांना काय सांगावं ते कळत नव्हतं. सुप्रीम कोर्टाने १९५७ ला सरवण सिंगच्या निकालात दुहेरी कसोटी सांगून ठेवलीये, आधी साक्षीदार विश्वासार्ह वाटला पाहिजे आणि मग त्याला महत्त्वाच्या बाबतीत स्वतंत्र दुजोरा मिळाला पाहिजे. पाठ सगळ्यांना असते. करायला पाय झिजवावे लागतात.

आता ती अकरा वर्षं आधीची गोष्ट. १९७३ च्या मार्चमध्ये लेओनार्दो विताले नावाचा माफियातला एक तरुण माणूस आपणहून पालेर्मोच्या पोलिसांकडे गेला. देवाधर्माच्या विचाराने मन पालटलं होतं. त्याने स्वतःचे खून कबूल केले, आत घेण्याचा विधी सांगितला, कमिशन सांगितलं, रीनाचं नाव सांगितलं. म्हणजे बुशेत्ताने जे सांगितलं त्याचा सांगाडा सगळा त्यात होता. त्याचं काय केलं? वेडा ठरवला. ज्यांची नावं घेतली ते जवळजवळ सगळे सुटले, शिक्षा झाली ती त्याला स्वतःला आणि त्याच्या काकाला. तो वेड्यांच्या तुरुंगात राहिला, १९८४ ला सुटला, आणि २ डिसेंबर १९८४ ला, बुशेत्ताच्या जबाबाने सगळी इटली हादरलेली असतानाच, चर्चमधून प्रार्थना करून येताना त्याला गोळ्या घातल्या. पुढे आरोपपत्रासारखा जो मोठा आदेश निघाला त्यात फाल्कोने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आवर्जून नोंद केली की या माणसाला जिवंतपणी जो विश्वास मिळायला हवा होता तो निदान मेल्यावर तरी मिळो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवलं.

तो आदेश आठ हजारांच्या वर पानांचा. १९८५ च्या उन्हाळ्यात पालेर्मोत मोन्ताना आणि कास्सारा हे दोन पोलिस अधिकारी काही दिवसांच्या अंतराने मारले गेले, तेव्हा फाल्कोने आणि त्याचा सहकारी न्यायाधीश पाओलो बोर्सेलिनो यांना बायकामुलांसकट आसिनारा नावाच्या तुरुंगाच्या बेटावर नेऊन ठेवलं आणि तिथे बसून त्यांनी लिहिलं. नंतर सरकारने त्यांच्याकडून राहण्याखाण्याचं बिल वसूल केलं.

खटला १० फेब्रुवारी १९८६ ला सुरू झाला, उच्चार्दोने तुरुंगाला लागून खास बांधलेल्या काँक्रीटच्या कोर्टात, भिंतींना लागून आरोपींचे पिंजरे. ४७५ आरोपी. एप्रिलमध्ये बुशेत्ता आला. इटलीत एक पद्धत आहे, साक्षीदार आणि आरोपी यांना न्यायाधीशांसमोर एकत्र बसवून बोलू देतात, आमना-सामना. पिप्पो कालोने तो मागितला. दोघं जुने मित्र, काही हातांच्या अंतरावर. कालोने वैयक्तिक सुरुवात केली, की हा बायकांच्या मागे फिरणारा, घरदार सोडलेला, याच्यावर काय विश्वास ठेवता. बुशेत्ताची तीन लग्नं झाली होती आणि संघटनेत त्यावरून त्याचं नाव खराब होतं, ते खरंच होतं. बुशेत्ता चिडला नाही. तो कालोला म्हणाला की माझ्या घरच्यांना मारायचा निर्णय झाला तेव्हा तू त्या कमिशनमध्ये बसला होतास, आणि मग लाल्लिकाता नावाच्या त्यांच्याच कुटुंबातल्या एका माणसाचा विषय काढला, त्याला तू गळा दाबून मारलास म्हणून. कालोकडे याला चांगलं उत्तर नव्हतं. पण त्याहून मोठं नुकसान वेगळंच झालं होतं, इतका वेळ दोघं ज्या पद्धतीने बोलत होते, कुणाला कुणी कधी भेटलं, कुणाचं कुणाशी काय नातं, त्यावरूनच कोर्टाला दिसलं की हे दोघं एकाच घरातले आहेत. कालोचं म्हणणं होतं की मी त्यातला नाहीच. पिंजऱ्यातल्या बाकीच्यांनी यानंतर आमना-सामना मागायचं सोडून दिलं.

आरोपीच्या बाजूने उभा राहणारा वकील म्हणून सांगतो, आपल्या अशिलाला कधीही माफीच्या साक्षीदाराशी थेट बोलू देऊ नये. चीड आली की माणूस त्या जगाची भाषा बोलायला लागतो.

३४९ सुनावण्या झाल्या, न्यायाधीश आणि ज्युरी ३५ दिवस बंद खोलीत होते, १६ डिसेंबर १९८७ ला निकाल. १९ जणांना जन्मठेप, बाकीच्यांची मिळून २,६६५ वर्षं, आणि ११४ जण निर्दोष. हा शेवटचा आकडा लोक विसरतात. ११४ जण सुटले याचाच अर्थ कोर्टाने बुशेत्ताचा शब्द आंधळेपणाने घेतला नाही. अपिलात १९९० ला बरंच काही ढिलं झालं, कमिशनची सामूहिक जबाबदारी नाकारली, आणि मग ३० जानेवारी १९९२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा उभी केली. पालेर्मोचा खटला सुरू व्हायच्या आधी अमेरिकेतही त्याने साक्ष दिली होती, पिझ्झाच्या दुकानांआडून हेरॉइन विकण्याचा तो प्रसिद्ध खटला, सतरा महिने चालला, त्यात त्याचा जुना मित्र गाएतानो बादालामेन्ती याला ४५ वर्षं झाली.

आता त्याने काय लपवलं ते. मला विचाराल तर बुशेत्ता समजायचा असेल तर इथून सुरुवात करा. त्याने जन्मभर सांगितलं की मी ड्रग्जच्या धंद्यात कधीच नव्हतो. यावर विश्वास ठेवणारा मला तरी अजून भेटलेला नाही. दुसरं, तो जुनी माफिया चांगली होती आणि कोर्लेओनेवाल्यांनी ती नासवली असं चित्र रंगवायचा, पश्चात्ताप झालेला हा शब्द स्वतःला लावून घ्यायचा नाही, बदलले ते, मी नाही असं म्हणायचा. पण चियाकुल्लीचा बॉम्ब जुन्या चांगल्या माफियाच्याच काळातला होता. आणि तिसरं, राजकारणी. फाल्कोनेला त्याने तोंडावर सांगितलं की राजकारणाबद्दल मी बोलणार नाही, सरकारला ते झेपणार नाही आणि मग आत्ता सांगितलेलंही कुणी खरं मानणार नाही.

आपल्या कायद्यात हा माणूस बसला नसता. आपल्याकडे माफी मिळते ती पूर्ण आणि खरी हकीकत सांगायच्या अटीवर, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३०६, आणि काही लपवलं तर ३०८ खाली माफी जाते आणि त्याच्यावरच खटला चालतो. इटलीत तेव्हा माफियाच्या साक्षीदारांसाठी कायदाच नव्हता, तो १९९१ ला आला, त्यामुळे फाल्कोने त्याला माफी देऊच शकत नव्हता, आणि देत नव्हता म्हणून सगळं सांग अशी अटही घालू शकत नव्हता. त्याने काय केलं, तर सांगतोय ते तपासायचं, सांगत नाही ते नोंदवून ठेवायचं आणि दार उघडं ठेवायचं. मी आमच्या ज्युनियर पोरांना हेच सांगतो की साक्षीदार गप्प कुठे होतो ते समासात लिहा, ती यादी जबाबाइतकीच कामाची असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दीड महिन्यात, १२ मार्च १९९२ ला, साल्वो लीमा मारला गेला, सिसिलीतला तोच राजकारणी ज्याच्या माफियाशी संबंधांबद्दल बुशेत्ता आठ वर्षं गप्प होता. २३ मे ला कापाचीजवळ हायवे उडवून फाल्कोने, त्याची बायको फ्रान्चेस्का मोर्व्हिल्लो आणि तीन अंगरक्षक. १९ जुलैला बोर्सेलिनो आणि पाच अंगरक्षक. पहिल्याच भेटीत बुशेत्ताने फाल्कोनेला बजावलं होतं की कोसा नोस्त्राचं खातं मरणानेच बंद होतं, माझंही आणि तुमचंही. त्या वर्षाअखेर तो अमेरिकेतून राजकारणाबद्दल बोलायला लागला, अनेकदा पंतप्रधान झालेल्या आंद्रेओत्तीपर्यंत ते प्रकरण गेलं. खालच्या कोर्टात १९९९ ला आंद्रेओत्ती सुटले, वरच्या कोर्टाने २००३ ला म्हटलं की १९८० पर्यंतचे माफियाशी संबंध होते पण त्यासाठी शिक्षा द्यायची कायद्यातली मुदत संपली.

आता तुमचा गद्दार की साक्षीदार. त्याच्या टोळीच्या नजरेत गद्दार, यात शंका नाही. पण त्याचं स्वतःचं म्हणणं मला खोटं वाटत नाही, की ज्यांच्याशी इमान राखायची शपथ घेतली होती त्यांनीच पोरं मारली, तर इमान राखायचं कुणाशी. सूड होता का, होता. सूडाने बोलणारा माणूस खोटंच बोलतो असं मात्र नाही, माझ्या अनुभवात सूडाने बोलणारा बरेचदा नेमकं बोलतो, कारण त्याला समोरच्याला अडकवायचं असतं आणि एक चूक झाली तर समोरचा सुटेल हे त्याला कळतं.

२ एप्रिल २००० ला तो कॅन्सरने गेला, अमेरिकेत, दुसऱ्याच नावाने राहत असताना, ७१ वर्षांचा होता. बेनेदेत्तो आणि अंतोनिओ कुठे पुरले की कशात विरघळवले, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.